पेटारा खरंच दीडशे वर्षांचा असेल, तर तो कॅनडाला जाणार नाही

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, वय 61, कोल्हापूरला राहते. पेन्शन 38 हजार, मुदत ठेवी 9 लाखांच्या. त्यातले 3 लाख आजारपणासाठी राखून ठेवलेत. आम्ही दोघं महिन्यातून एकदा सकाळी निघून आजरा-आंबोलीमार्गे कोकणात उतरतो आणि रात्री घरी येतो. गेल्या खेपेला वाटेतल्या एका दुकानात पितळी पट्ट्यांचा कोरीव सागवानी पेटारा पाहिला. दुकानदार म्हणाला, दीडशे वर्षांचा आहे, 1,80,000 रुपये, 5 वर्षांत दुप्पट होतील. पैसे रोख हवेत. पुढे तो कॅनडातल्या मुलीला पाठवायचा विचार आहे. सावंतवाडीत 8 हजारांचा गंजिफांचा, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल खेळाच्या पानांचा, संचही मनात भरलाय. ठेव मोडू का?

उत्तर : ताई, पेटाऱ्यासाठी ठेव मोडू नका. गंजिफा मात्र जरूर घ्या, पण ठेवीतून नको, पेन्शनमधून घ्या.

आधी दुकानदाराचं वाक्य तपासू. 100 वर्षं किंवा त्याहून जुनी कलाकुसरीची वस्तू 1972च्या पुरावशेष कायद्याखाली ‘पुरावशेष’ ठरते, आणि अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे त्याचं म्हणणं खरं असेल, तर पेटारा कॅनडाला जाणार नाही. पाठवायचाच असेल, तर तो पुरावशेष नाही असा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घ्यावा लागेल. तो दाखला मिळाला, तर दीडशे वर्षांची गोष्ट खोटी ठरली आणि 1,80,000 हा आकडा कशाच्या जोरावर सांगितला, हे विचारायला हवं. दोन्हीकडून तुमचंच नुकसान आहे. शिवाय पुरावशेष विकण्याचा धंदा करायला परवाना लागतो. तो दाखवा म्हणा. उत्तर देताना तो किती वेळ घेतो, त्यावरून बरंच कळेल.

आता ‘दुप्पट’. 5 वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला जवळपास 15 टक्के. तुमची ठेव 7 टक्क्यांनी धरली, तर 1,80,000चे 5 वर्षांत सुमारे 2,52,000 होतात, आणि त्यासाठी गिऱ्हाईक शोधत फिरावं लागत नाही. समजा, पेटाऱ्याची दुकानातली किंमत खरोखर 3,60,000 झाली. ती दुकानदाराची विक्रीची किंमत. त्याला भाडं आहे, नफा काढायचाय, माल वर्षानुवर्षं पडून राहतो. तुमच्याकडून तो अर्ध्या किमतीला घेईल, म्हणजे 1,80,000ला. 5 वर्षं गेली आणि हाती आली फक्त मुद्दल.

हे मी पाहिलेलं आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका फेरीत मी 19 हजारांना एक समई घेतली. वाड्यातली आहे, असं सांगितलं होतं. पुढे घरात पैशांची निकड आली, म्हणून ती घेऊन त्याच दुकानात गेलो. माणूस ओळखीचं हसला, पण समईकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. खालचा पाट फिरवून वेगळा केला, दोन्ही भाग काट्यावर ठेवले आणि मोडीचा भाव सांगितला. अडीच हजारांच्या आतच. समई परत आणली, पण त्या काट्याचा आवाज अजून कानात आहे. तेव्हापासून प्रत्येकाला एकच सांगतो : घेण्याआधी दुकानदाराला विचारा, ‘हीच वस्तू आज मी तुम्हाला विकायला आणली, तर काय द्याल?’ तो सांगेल तो आकडा तुमची गुंतवणूक. वरचे पैसे हौसेचे. हौसेला माझी हरकत नाही, फक्त ते पैसे हौसेच्या खात्यात लिहा.

रोख मागतोय, त्याचाही विचार करा. बिल नसेल तर वस्तू चोरीची नाही हे दाखवता येत नाही, विमा काढायला अडचण येते. कलाकृती विकून झालेला नफा करपात्र असतो, 24 महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या वस्तूवर 12.5 टक्के. खरेदीचा पुरावा नसला, तर नफा मोजायचा कशावरून?

गंजिफांचं गणित वेगळं आहे. सावंतवाडीची ही कला बंद पडायच्या बेतात होती. तिथल्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राजमाता सत्त्वशीलादेवींनी राजवाड्यात चितारी बसवून ती पुन्हा उभी केली. परंपरेने चिंचोक्याची खळ लावलेल्या गोल पानावर हाताने रंगकाम होतं, वर लाख चढते. मासा होऊन निघालेला मत्स्यावतार तुमच्या अंगठ्याएवढ्या जागेत काढलेला असतो, आणि ब्रश जिथे उचलला ती जाडबारीक रेघ नजरेला दिसते. इथे तुमचे 8 हजार जिवंत माणसाच्या हाताला मिळतात. परत विकून फायदा होईल, ही अपेक्षा मात्र नको.

पेन्शनमधून दरमहा 2 हजार बाजूला टाका, 4 महिन्यांत संच तुमचा. तोच पैसा पुढे सावंतवाडीच्याच चितार आळीतल्या लाकडी फळांना आणि खेळण्यांना पुरेल, आणि मुलीला पाठवायला त्याहून सोपी भेट नाही : आज घडवलेल्या वस्तूला पुरावशेष कायदा आडवा येत नाही. बिल घ्यायला विसरू नका.

संच घेताना पानं मोजा. दशावतारी गंजिफा 120 पानांची, दर अवताराची 12 : राजा, प्रधान आणि एक ते दहा. एक जरी कमी भरलं, तरी तिथेच सांगा.