'जरी' आला की 'तरी' हवाच का? इंग्रजी वाक्यं जोडताना पडणारे प्रश्न

निफाडला राहते, बारावीत आहे. 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वुई वेन्ट टू कॉलेज' हे वाक्य सरांनी चूक दिलं. अर्थ तर बरोबर आहे ना?

अर्थ बरोबर आहे, आणि चूक मराठीतूनच आली आहे. आपल्याकडे 'जरी' म्हटलं की मागोमाग 'तरी' येतोच. जर-तर, जेव्हा-तेव्हा, जोपर्यंत-तोपर्यंत हे सगळे जोडीने येतात. इंग्रजीत दोन वाक्यं सांधायला बहुतेक वेळा एकच शब्द पुरतो. 'ऑल्दो' घेतलास तर 'बट' काढून टाक, 'बट' ठेवायचा असेल तर 'ऑल्दो' काढ. 'बिकॉज' आणि 'सो' यांचंही तसंच, एका वाक्यात दोघांपैकी एकच. आयदर-ऑर, नायदर-नॉर, नॉट ओन्ली-बट ऑल्सो या खऱ्या जोड्या आहेत, त्या वेगळ्या पाठ कर.

परीक्षेत हेच वाक्य 'डिस्पाइट' वापरून बदलायला सांगतात. 'डिस्पाइट'नंतर पूर्ण वाक्य येत नाही, नाम येतं: 'डिस्पाइट द रेन, वुई वेन्ट टू कॉलेज.' त्याला 'ऑफ' जोडायचा नाही. 'ऑफ' लागतो तो 'इन स्पाइट'ला.

अंबडच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. रोज मेल लिहावे लागतात. साहेब म्हणतात, वाक्यं तुटक वाटतात. नमुना: 'मटेरियल इज नॉट रिसीव्ह्ड. सो दॅट लाइन इज स्टॉप्ड.'

तुमची खरी अडचण 'सो दॅट' आहे, आणि ती औद्योगिक वसाहतीतल्या कितीतरी मेलमध्ये दिसते. 'म्हणून' एवढंच म्हणायचं असेल तर नुसता 'सो' लिहा: 'द मटेरियल डिड नॉट अराइव्ह, सो द लाइन स्टॉप्ड.' हा परिणाम झाला. 'सो दॅट' हेतू सांगतो, म्हणजे 'अमुक व्हावं यासाठी': 'प्लीज सेंड द मटेरियल टुडे सो दॅट वुई कॅन स्टार्ट द लाइन.' ही दोन वाक्यं शेजारी ठेवून मोठ्याने वाचा. पहिल्यात घडून गेलेली गोष्ट आहे, दुसऱ्यात घडावी अशी इच्छा. मेल पाठवण्याआधी 'सो दॅट' दिसला की थांबा आणि मनात विचारा, इथे 'म्हणून' आहे की 'यासाठी'?

'हाऊएव्हर' वापरत असाल तर त्याच्या आधी स्वल्पविराम देऊन दोन वाक्यं चिकटवू नका. आधी पूर्णविराम, मग 'हाऊएव्हर', मग स्वल्पविराम.

पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये काम करतो. ड्रायव्हरला मेसेज केला, 'डू नॉट लीव्ह अनटिल आय डोन्ट कॉल.' परदेशी पार्टीचा माणूस गोंधळला.

गोंधळणारच. 'मी फोन करत नाही तोपर्यंत निघू नका' हे मराठीत अगदी सरळ वाक्य आहे, त्यात दोनदा नकार आलेला आपल्याला खटकत नाही. इंग्रजीत 'अनटिल'नंतर तो दुसरा नकार लागत नाही: 'डू नॉट लीव्ह अनटिल आय कॉल.'

'अनलेस'मध्ये तर 'नाही' आधीच भरलेला आहे. 'अनलेस वुई स्प्रे टुडे, द क्रॉप विल सफर' म्हणजे आज फवारणी केली नाही तर पीक धोक्यात. तिथे 'डोन्ट' घातलात तर अर्थ उलटा होतो. आणि 'स्प्रे'च्या जागी 'विल स्प्रे' नको. इफ, अनलेस, अनटिल, व्हेन यांनी सुरू होणाऱ्या भागात पुढची गोष्ट असली तरी क्रियापद साध्या वर्तमानकाळात राहतं.

गृहिणी आहे, गंगापूर रोडला राहते. बोलताना सारखा 'अँड' येतो. सराव कसा करू?

शब्दांच्या याद्या पाठ करू नका, ताई. त्या परीक्षेपुरत्या टिकतात. दिवसातल्या दोन गोष्टी घ्या: बस उशिरा आली, मी वेळेवर पोहोचले. आधी मराठीत ठरवा, दोघींचं नातं काय? इथे विरोध आहे. मग ते वाक्य तीन तऱ्हांनी म्हणा: 'द बस वॉज लेट, बट आय रीच्ड ऑन टाइम.' 'ऑल्दो द बस वॉज लेट, आय रीच्ड ऑन टाइम.' 'डिस्पाइट द डिले, आय रीच्ड ऑन टाइम.' उद्या कारणाची जोडी घ्या, परवा अटीची. रोज एकच जोडी, पण मोठ्याने आणि स्वतःच्या घरातली. पुस्तकातल्या 'राम इज अ बॉय'ने जीभ वळत नाही.

जमेल तेव्हा नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात इंग्रजी वर्तमानपत्र उघडा आणि एका बातमीतले जोडशब्द वहीत उतरवून घ्या, आख्ख्या वाक्यासकट. 1840 पासूनची ही संस्था आपल्या गावात आहे, तिचा उपयोग करून घ्या.

'नो सूनर'मध्ये दरवेळी मार्क जातात.

'नो सूनर' म्हणजे 'होतं न होतं तोच'. दोनच जागा सांभाळ. 'नो सूनर'नंतर 'डिड' आणि क्रियापदाचं मूळ रूप. पुढे 'दॅन', 'व्हेन' नाही. 'नो सूनर डिड द ट्रेन स्टॉप दॅन द पॅसेंजर्स रश्ड टू द डोअर.' 'व्हेन' हवा असेल तर सुरुवात 'हार्डली हॅड'ने कर आणि 'स्टॉप'चं 'स्टॉप्ड' कर.

वाक्य 'बिकॉज'ने सुरू केलं तर चालतं का?

चालतं, दुसरा भाग लिहिलात तर. 'बिकॉज द बस वॉज लेट' एवढ्यावर पूर्णविराम दिलात तर लेखनात ते वाक्य अर्धवट मानतात. बोलताना कुणाच्या प्रश्नाला उत्तर म्हणून बिनधास्त म्हणा.