रसायनशास्त्र शिकणाऱ्या मुलीने उत्खननाकडे वळावे का?

सप्रेम नमस्कार.

आपली मुलगी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात आहे, राजस्थानातील झावर पाहून आल्यापासून तिला पुरातत्त्वशास्त्र शिकायचे आहे, आणि विज्ञानाची वर्षे वाया जातील अशी चिंता आपल्याला वाटते, असे आपण लिहिले आहे. ती वाया जाणार नाहीत. याचे उत्तर झावरच्या भट्ट्यांतच आहे.

उदयपूरच्या दक्षिणेला असलेले झावर हे जस्त गाळणाऱ्यांचे जुने गाव. जस्त 907 अंश सेल्सिअसला उकळते आणि खनिजापासून ते सुटे करायला त्याहून अधिक उष्णता लागते. त्यामुळे ते वाफ होऊनच बाहेर पडते आणि हवा लागताच त्याची पांढरी भुकटी होते. तिथल्या कारागिरांनी वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी भट्टीत उलट्या बसवल्या, त्यांच्या नळ्या भोके असलेल्या थाळ्यातून खालच्या थंड कप्प्यात सोडल्या आणि वाफ तिथे निववली. 1980 च्या दशकात हिंदुस्थान झिंक, ब्रिटिश म्युझियम आणि बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ यांनी केलेल्या संशोधनात एकेका भट्टीत 36 मुशींची मांडणी उघडकीस आली. गावातल्या भिंतीही वापरून टाकलेल्या मुशी रचून बांधलेल्या आहेत. संस्कृत रसग्रंथांतील (जुन्या रसायनविद्येच्या ग्रंथांतील) वृंताक मूषेचे, म्हणजे वांग्याच्या आकाराच्या मुशीचे, वर्णन या मुशींशी जुळते, पण मुशीच्या तळाशी उरलेल्या राखेतून भट्टीचे तापमान आणि कच्चा माल ताडण्यासाठी रसायनशास्त्रच लागते. उद्योगस्थळांच्या उत्खननाला आपल्या मुलीसारख्यांची खरी गरज आहे.

म्हणून तिने पदवी आवर्जून पूर्ण करावी. त्यानंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वशास्त्राचे एम.ए., किंवा पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ग्रेटर नोएडातील संस्थेची पदव्युत्तर पदविका, हे मार्ग आहेत. प्रवेशाच्या अटी त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहाव्यात. सर्वेक्षणाची डेहराडून येथील विज्ञान शाखा तर रसायनशास्त्रज्ञांच्याच बळावर चालते.

नोकऱ्या मात्र थोड्या आहेत, आणि सुरुवातीची काही वर्षे शिष्यवृत्तीवर किंवा मुदतीच्या प्रकल्पांवर काढावी लागू शकतात, हे घरात आत्ताच बोलून घ्यावे. निर्णयापूर्वी तिने एखाद्या विभागाच्या परवानगीने उत्खननावर काही आठवडे काम करावे. उन्हात चर खणताना थरांची नोंद ठेवणे आणि संध्याकाळी खापरे धुऊन त्यांवर क्रमांक घालणे तिला मनापासून आवडले, तर पुढचे पत्र तिने स्वतः लिहावे.