इंग्लंडमध्ये ए-लेव्हलऐवजी बीटेक आर्ट अँड डिझाइन केलं तर युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळतो का?

हो, मिळतो. (ए-लेव्हल म्हणजे सोळा ते अठरा वयात दिल्या जाणाऱ्या इथल्या विषयवार परीक्षा.) मी इंग्लंडमधल्या एका फर्दर एज्युकेशन कॉलेजात, म्हणजे सोळा वर्षांपुढच्या शिक्षणाच्या कॉलेजात, आर्ट अँड डिझाइन शिकवते. आमच्या वर्गातली मुलं ग्राफिक डिझाइन, इलस्ट्रेशन, फॅशन, टेक्स्टाइल, अ‍ॅनिमेशन अशा पदव्यांना दरवर्षी जातात. तुमची मुलगी यंदा जीसीएसईला, म्हणजे इथल्या दहावीसारख्या परीक्षेला आहे, तिला पुढची दोन वर्षं हाच कोर्स करायचाय आणि घरात मात्र ‘व्होकेशनल म्हणजे अभ्यासात मागे असलेल्यांसाठी’ अशी चर्चा आहे, असं तुम्ही लिहिलंय. म्हणून थोडं सविस्तर लिहिते. (भारतातल्या आजी-आजोबांना मात्र आधीच सांगून ठेवा, हे बीटेक म्हणजे इंजिनिअरिंगची पदवी नव्हे, साधारण आपल्या बारावीच्या पातळीचं प्रमाणपत्र आहे.)

सगळ्यात आधी प्रमाणपत्राचं पूर्ण नाव बघा, कारण बीटेक नावाखाली लहानमोठे बरेच कोर्स असतात. ‘एक्स्टेंडेड डिप्लोमा’ हा तीन ए-लेव्हलच्या बरोबरीचा धरतात, ‘डिप्लोमा’ दोनच्या आणि ‘एक्स्टेंडेड सर्टिफिकेट’ फक्त एकाच्या. पदवीला थेट जायचं असेल तर पहिला हवा, किंवा मग छोट्या कोर्सच्या जोडीला ए-लेव्हल हव्यात. यूकॅस, म्हणजे युनिव्हर्सिटी प्रवेशाचे अर्ज हाताळणारी संस्था, तिच्या गुणपद्धतीत एक्स्टेंडेड डिप्लोमाला तिन्ही डिस्टिंक्शन मिळाली की 144 गुण होतात. ए-लेव्हलला तीन ‘ए’ मिळवणाऱ्या मुलालाही तेवढेच. एक डिस्टिंक्शन आणि दोन मेरिट म्हणजे 112. डिझाइनच्या कितीतरी पदव्या एवढ्यावर मुलाखतीला बोलावतात. त्यामुळे कागदावर हा रस्ता कमी दर्जाचा आहे, या म्हणण्यात तथ्य नाही. काही कॉलेजांत बीटेकऐवजी युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्स लंडनच्या परीक्षा मंडळाचा डिप्लोमा असतो. तोही याच कामाचा आहे आणि मला स्वतःला त्याची रचना जास्त मोकळी वाटते.

सध्या सरकार या सगळ्या प्रमाणपत्रांची फेररचना करतंय. ऑक्टोबर 2025 मध्ये ‘व्ही-लेव्हल’ या नव्या व्होकेशनल प्रमाणपत्रांची घोषणा झाली आणि 2027 पासून ती टप्प्याटप्प्यानं यायची आहेत. म्हणून मैत्रिणीच्या थोरल्या मुलाचा अनुभव ऐकून ठरवू नका. ज्या वर्षी मुलगी दाखल होणार त्या वर्षी कॉलेज नेमकं कुठलं प्रमाणपत्र देणार आणि ते किती ए-लेव्हलच्या तोडीचं, हे कॉलेजकडून लेखी घ्या.

आता जे मला खरं सांगायचंय ते. कलाशाखेत गुण तुम्हाला मुलाखतीपर्यंत नेतात, पण निवड होते ती पोर्टफोलिओवर, आणि आपल्या घरांतली हुशार मुलं नेमकी तिथे अडतात. आपल्यापैकी अनेकांनी एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेली असते. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, सगळं ठरल्या वेळात पूर्ण, कडा स्वच्छ, रंग कुठे बाहेर आलेला नाही. त्या शिस्तीनं हात तयार होतो आणि त्याचा मला आदर आहे. पण मग पालक म्हणून आपण पोर्टफोलिओतही तेच शोधतो: फोटोवरून काढलेलं हुबेहूब व्यक्तिचित्र, फ्रेम करण्याजोगा गणपती. इथल्या ट्यूटरला त्यातून मुलीचा हात कळतो, डोकं कळत नाही. तो स्केचबुक मागतो. कल्पना कुठून आली, बाजारात उभं राहून काय टिपलं, कुठल्या चित्रकाराचं काम पाहून काय बदललं, तीन प्रयोग फसल्यावर चौथा का निवडला, हे त्याला पानापानांवर दिसायला हवं असतं. बीटेकची खरी ताकद इथे आहे. या कोर्सची श्रेणीच मुळात संशोधन, प्रयोग आणि स्वतःच्या कामाचं लेखी मूल्यमापन यांवर ठरते. दोन वर्षं तिनं प्रामाणिकपणे काम केलं की पोर्टफोलिओ वेगळा ‘तयार करावा’ लागत नाही, त्यातून निवडावा लागतो. म्हणून हात जोडून सांगते, घाणेरडी दिसतात म्हणून तिची पानं फाडायला लावू नका.

आणि लिहिण्याला कमी लेखू नका. ज्या मुलीला ‘मी हे का केलं’ हे चार सरळ वाक्यांत मांडता येतं, तिची श्रेणी वाढते आणि मुलाखतही सोपी जाते. घरी मराठीत बोलून घेतलं तरी चालेल, विचार आधी स्पष्ट व्हावा लागतो.

फाउंडेशनचं वर्ष करावं का, हेही तुम्ही विचारलंय. 1960 साली चित्रकार विल्यम कोल्डस्ट्रीम यांच्या समितीनं कलेच्या डिप्लोमाआधी एक पूर्वतयारीचं वर्ष सुचवलं, त्यातून ही प्रथा रुजली. आजही ए-लेव्हल केलेली बरीच मुलं ते वर्ष करतात, कारण शाळेत त्यांना स्टुडिओत पुरेसा वेळ मिळालेला नसतो. एक्स्टेंडेड डिप्लोमा केलेल्यांनी दोन वर्षं स्टुडिओतच काढलेली असतात, त्यामुळे बरेचजण थेट पदवीला जातात. सेंट्रल सेंट मार्टिन्ससारखं नावाजलेलं कॉलेजसुद्धा हा डिप्लोमा स्वीकारतं. शाखा ठरत नसेल तर मात्र मी फाउंडेशन जरूर सुचवते. फॅशन करायला आलेली मुलगी त्या वर्षात सिरॅमिक्सकडे वळली, असं आमच्याकडे नेहमी होतं.

बीटेक कुठे पुरणार नाही, तेही सांगायला हवं. मुलीला आर्किटेक्चर, कलेतिहास किंवा ऑक्सफर्डचं रस्किन हे कलाविद्यालय यांचं आकर्षण असेल तर ए-लेव्हल घेतलेल्या बऱ्या. आर्टबरोबर इतिहास किंवा गणित घेता येतं आणि दारं उघडी राहतात. रस्किनच्या अर्जाची मुदतही लवकर, 15 ऑक्टोबरला संपते. इतर बहुतेक कोर्सना जानेवारीपर्यंत वेळ असतो. 2026 च्या प्रवेशासाठी ती तारीख 14 जानेवारी होती. पोर्टफोलिओ बहुतेक ठिकाणी अर्जानंतर ऑनलाइन मागवतात, पण फोटो काढायला नाताळच्या सुट्टीपर्यंत थांबलात तर उजेडाचीच बोंब असते. ऑक्टोबरमध्ये खिडकीपाशी काढून ठेवा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण वर्क व्हिसावर आलेल्या मराठी कुटुंबांना तिचाच धक्का बसतो. साधारणपणे होम फी (इथल्या विद्यार्थ्यांची कमी फी) आणि स्टुडंट लोन मिळायला मुलीकडे सेटल्ड दर्जा, म्हणजे आयएलआर (कायमस्वरूपी राहण्याची परवानगी) किंवा नागरिकत्व, असावा लागतो आणि कोर्स सुरू होण्याआधी किमान तीन वर्षं इथे वास्तव्य लागतं. 2025-26 साठी इंग्लंडमध्ये होम फीची मर्यादा 9,535 पौंड होती. परदेशी विद्यार्थ्यांची फी लंडनच्या कलामहाविद्यालयांत तिच्या तिपटीच्या आसपास जाते. याला काही अपवाद आहेत, ते यूकेसीआयएसए या परदेशी विद्यार्थ्यांना सल्ला देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर नीट दिलेले असतात. तुमचा आयएलआर कधी होतोय आणि तिचं पदवीचं पहिलं वर्ष कधी सुरू होतंय, या दोन तारखा आजच शेजारी शेजारी लिहून बघा. त्यात थोडंसंच अंतर पडत असेल, तर वर नुसती पसंतीची बाब म्हणून सांगितलेलं फाउंडेशनचं वर्ष तुमच्या फार उपयोगी पडू शकतं, कारण त्यानं पदवीची सुरुवात वर्षभर पुढे जाते.

राहिलं जीसीएसई. कोर्सच्या प्रवेशाला साधारण चार-पाच विषयांत ग्रेड 4 (उत्तीर्ण होण्याइतका) लागतो. इंग्रजी आणि गणितात तो राहिला तर कॉलेजात पुन्हा परीक्षेला बसावं लागतं आणि ते तास स्टुडिओच्या वेळेतून जातात. तेव्हा उन्हाळ्यापर्यंत तिला गणिताकडे लक्ष देऊ द्या. तिचा ओढा नक्की कुठल्या शाखेकडे आहे ते खाली लिहिलंत, तर ओपन डेला कुठल्या कॉलेजांचे स्टुडिओ बघावेत ते सांगेन.