आगीने जंतू मरतात, विष नाही

प्रश्न : आमच्या वस्तीत कचरागाडी नियमित येत नाही. साचलेला कचरा काही रहिवासी पेटवून देतात. त्यामुळे जंतू मरतात आणि दुर्गंधीही जाते, असे त्यांचे म्हणणे आहे. कचरा पडून राहण्यापेक्षा हे बरे नव्हे का?

उत्तर : ज्वाळेत सापडलेले जंतू मरतात, इतपतच ते खरे आहे. उघड्यावरचा ढीग क्वचितच धडाडून पेटतो. पोटातल्या ओल्या कचऱ्यामुळे तो तासन्‌तास धुमसत राहतो आणि अशा अर्धवट ज्वलनातच सर्वाधिक घातक पदार्थ तयार होतात. या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, फुप्फुसांत खोलवर शिरणारे अडीच मायक्रॉनहून लहान कण असतात आणि ढिगात पीव्हीसीच्या वायरी किंवा रेक्झिनचे तुकडे असतील, तर डायॉक्सिने नावाची विषारी रसायनेही असतात. ती शरीरातील चरबीत वर्षानुवर्षे टिकून राहतात आणि त्यांतील सर्वांत विषारी प्रकार माणसात कर्करोगकारक ठरला आहे. राखेलाही निरुपद्रवी समजू नये. शिसे, कॅडमियम यांसारखे धातू जळून नाहीसे होत नाहीत आणि त्या राखेत कोंबड्या टोचत असतील, तर डायॉक्सिने अंड्यांतून ताटात येतात. साध्या कापडी मास्कने यांतले फारसे काही अडत नाही.

जागतिक बँकेच्या २०१८ च्या अहवालानुसार अल्प उत्पन्न गटातील देशांत ९० टक्क्यांहून अधिक कचरा उघड्यावर टाकला किंवा जाळला जातो. तेव्हा दोष केवळ काडी लावणाऱ्यांचा मानणे अन्यायाचे होईल. गाडीच येत नसेल, तर त्यांनी तरी काय करावे?

अर्थात कचरा पडून राहणे हाही पर्याय नव्हे. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला प्लास्टिकच्या पेल्यात साठलेले घोटभर पाणीही पुरते. उबदार हवेत अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ ते दहा दिवस लागतात, आणि कोरड्या टायरला चिकटलेली अंडी कित्येक महिने तग धरून पहिल्या पावसात फुटतात. तुंबलेल्या गटाराचे पाणी रस्त्यावर आले, की उंदरांच्या मूत्रातील लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पायांवरच्या साध्या जखमेतून शरीरात शिरतात. १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ पसरली, तेव्हाही पुरानंतर सडणारा कचरा आणि तुंबलेली गटारे यांकडेच प्रथम बोट दाखवले गेले.

गाडी येईपर्यंत ओला कचरा वेगळा काढून मातीच्या थराखाली कुजवावा, सुका कचरा गोणीत भरून छपराखाली ठेवावा आणि पाणी साचेल अशी प्रत्येक वस्तू पालथी घालावी. इंजेक्शनच्या सुया मात्र जाड डब्यात बंद करून स्वतंत्रपणे द्याव्यात. त्यांच्यामुळे कचरावेचकांना हेपॅटायटिस बी होऊ शकतो.

प्रश्न : कचराडेपोजवळच्या विहिरीचे पाणी उकळून प्यावे काय?

उत्तर : उकळल्याने जंतू नष्ट होतात. परंतु ढिगातून झिरपणाऱ्या काळपट द्रवाबरोबर आलेले नायट्रेट आणि जड धातू उकळून जात नाहीत. उलट पाणी आटल्यामुळे त्यांचे प्रमाण वाढते. नायट्रेटयुक्त पाण्यात बाळाचे दूध कालवल्यास त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते आणि बाळ निळसर पडू शकते. प्रयोगशाळेतील तपासणीचा अहवाल हाती येईपर्यंत ते पाणी पिण्यास अथवा स्वयंपाकास वापरू नये, आणि तपासणी पावसाळ्यानंतर पुन्हा करून घ्यावी.