हॅमस्टर गज चावतोय? आधी पिंजरा बघा

गजांना मिरची किंवा कडू काही चोळायचं कुणी सुचवलं तर अजिबात ऐकू नका. ते हॅमस्टरच्या डोळ्यांना, नाकाला झोंबतं आणि मूळ कारण तसंच राहतं. हॅमस्टरचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, त्यामुळे कुरतडणं त्याला हवंच. पण रात्र रात्र तो गजच धरून बसतो तेव्हा बहुतेकदा जागा अपुरी असते. दुकानातले ते रंगीत दोन मजली पिंजरे खरंच फार लहान असतात. सीरियन जातीच्या हॅमस्टरला किमान १०० बाय ५० सेंटीमीटरचा सलग तळ द्या. माशांची मोठी जुनी टाकी, वर जाळीचं झाकण, उत्तम चालते. आत २० सेंटीमीटर तरी कागदाचा चुरा दाबून भरा, म्हणजे त्याला बोगदे खणता येतील. चाक साधारण २८ सेंटीमीटरचं हवं. धावताना पाठ वाकलेली दिसली तर ते लहान पडतंय. दाणे वाटीत न घालता चुऱ्यात विखरून टाका. शोधण्यात तो छान रमतो. कुरतडायला सफरचंदाच्या झाडाचं वाळलेलं, फवारणी न झालेलं लाकूड ठेवा.

आणि गज चावत असताना खाऊ मुळीच देऊ नका, तीच सवय लागते. नाकावरचे केस गेले असतील किंवा खाताना दाणे तोंडातून पडत असतील, तर लगेच पशुवैद्याकडून दात तपासून घ्या.