वेलीला आधार कोणता द्यावा? मांडव, ताटी आणि तिपाईबद्दलच्या प्रश्नांची उत्तरे

गेल्या काही दिवसांत आलेले बरेच प्रश्न मांडवाचे आहेत. तार किती, बांबू कुठला, खर्च कसा वाचवायचा असे. सगळ्यांना आधी एकच उलट प्रश्न विचारतो. तुमचा वेल धरतो कसा?

कारले, दोडका, दुधी, काकडी, पडवळ हे वेल तणाव्यांनी धरतात. तणाव्याला बारीक वस्तू लागते. सुतळी, तार, जाळी, फार तर बोटाएवढी काडी. मनगटाएवढ्या बांबूला त्याचा विळखाच बसत नाही, म्हणून बांबू समोर असूनही वेल जमिनीवर लोळतो आणि आपण बियाण्याला दोष देतो. घेवडा, वाल, गोकर्ण, मधुमालती यांना तणावे नसतात, अख्खी वेलच आधाराभोवती पीळ घालत वर जाते. त्यांना उभी काठी हवी, आडव्या तारा त्यांच्या फारशा कामाच्या नाहीत. मिरवेल तिसऱ्या प्रकारचा. तो पेरांवरच्या मुळांनी चिकटतो, म्हणून त्याला खरखरीत सालीचे झाडच लागते. एवढे पाहून मगच सामानाची यादी करा.

प्रश्न : दहा गुंठ्यांत कारली लावायची आहेत. मांडव करू की ताटी? सामान किती लागेल? (जुन्नर तालुका)

कारल्याला मांडवच करा. फळ लोंबते राहिले की सरळ वाढते, पानांच्या सावलीत त्याचा रंग टिकतो, आणि तोडणी, फवारणी खालून उभ्याने होते. काकडीसारख्या दोन-अडीच महिन्यांत आटोपणाऱ्या पिकाला मात्र मांडवाचा खर्च करू नये. तिथे सहा फूट उंचीची, तीन तारांची ताटी पुरते. ताटीच्या ओळी दक्षिणोत्तर ठेवा, म्हणजे सकाळी एका बाजूला आणि दुपारनंतर दुसऱ्या बाजूला ऊन मिळेल.

मांडवाचा सगळा भार कडेच्या खांबांवर असतो. खांब दहा फूट लांब, चार इंच जाड घ्या. दोन फूट जमिनीत गाडा आणि माथा थोडा बाहेर झुकलेला ठेवा. तारा ओढल्यावर सगळे खांब आत खेचले जातात, सरळ पुरलेला खांब भर पिकात आत कलतो. प्रत्येक खांबाला बाहेरून दहा गेजच्या तारेचा ताण द्यायचा. त्यासाठी फूट-दीड फूट लांबीच्या दगडाला दुहेरी तार बांधून तो दोन फूट खोल पुरावा आणि माती चांगली धुमसावी. पुष्कळ जण इथेच हात आखडता घेतात, खुंटी ठोकून मोकळे होतात. जूनच्या वाऱ्यात पावसाने भिजलेला, पानांनी गच्च भरलेला मांडव शिडासारखा फुगतो, तेव्हा खुंटी उपटून येते.

साडेसहा फुटांवर चारही बाजूंनी आठ गेजची तार ओढा. तिच्यावर सोळा गेजच्या तारा उभ्या-आडव्या, दोन-दोन फुटांवर. मध्ये झोळ पडेल तिथे बांबूचे टेकू द्या. गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक, हे दुकानात गेल्यावर विसरू नका.

आता हिशेब. दहा गुंठे म्हणजे साधारण 104 फूट बाय 104 फूट. दहा-दहा फुटांवर खांब धरले तर कडेने 42 च्या आसपास खांब आणि तेवढेच ताण. सोळा गेजची तार सुमारे 3,300 मीटर लागेल. ही तार किलोला साधारण 60 मीटर भरते, म्हणजे 55 किलो. आठ गेजची तार किलोला जेमतेम 10 मीटर, ती चौफेर 13 किलो. दहा गेजची किलोला 15 मीटर, ती ताणांच्या मापाप्रमाणे काढा. बांधणी आणि वाया जाणारे तुकडे यासाठी दहा टक्के वर धरा. तार जस्ताचा मुलामा असलेलीच घ्या. काळी बांधकामाची तार स्वस्त पडते, पण पावसात गंजते आणि तुटते.

खड्डे, खांब, ताण सगळे लावणीआधी उरका. वेल वाढल्यावर पहार चालवली की मुळे तुटतात. पुढे प्रत्येक वेलाला सुतळीने तारेवर घ्या आणि वेल पाच फूट होईपर्यंत बगलफूट व तणावे काढत राहा. वर पोचल्यावर काढणे थांबवा. तिथून फुटवे हवेच असतात. फळमाशीसाठी क्यू ल्यूर या नर माशीला ओढणाऱ्या वासाचे कामगंध सापळे याच तारांना फळांच्या उंचीवर टांगता येतात.

प्रश्न : घरामागे चवळी, वाल, दोडका लावतो. विकत काही आणायचे नाही. पऱ्हाटीची (कपाशीच्या वाळलेल्या झाडांची) ताटी चालेल का? (यवतमाळ जिल्हा)

तुराट्यांची, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्यांची करा, पऱ्हाटीची नको. पऱ्हाटीवर राहिलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून असते. ती ताटी म्हणजे पुढच्या हंगामाच्या कपाशीला घरबसल्या आणलेली अळी. हंगाम संपला की पऱ्हाटी शेतात किंवा बांधावर ठेवू नका असे आम्ही सांगतो, त्यात घरामागची ताटीही आली.

तुराट्या हलक्या, सरळ आणि बारीक असतात, त्यामुळे दोडक्याचा तणावाही त्यांना धरतो. दर पाच-सहा फुटांवर एक जाड खुंट पुरा, त्याला वर-खाली दोन आडव्या काठ्या बांधा, मग तुराट्या तिरप्या उलटसुलट लावून चौकटी पाडा. तुराट्यांची टोके जमिनीपासून चार बोटे वर राहू द्या. मातीला टेकली की वाळवी चढते. एक हंगाम काढतील, नंतर चुलीला आहेतच. कायमचा खुंट हवा असेल तर गिरिपुष्पाची मनगटाएवढी फांदी पावसाळ्याच्या तोंडावर लावा. ती मुळे धरते आणि जिवंत खांब कुजत नाही. फक्त वरचेवर छाटत राहा, नाहीतर तिचीच सावली वेलावर पडेल. छाटलेला पाला खताला चांगला.

प्रश्न : आमच्या बेटातला बांबू वापरतो, पण वर्षाच्या आत पीठ पडते. अमावास्येला तोडायचे राहिले म्हणून असे होते का? शिवाय तोडायला परवानगी लागते का? (सिंधुदुर्ग)

पीठ पडते ते भुंगेऱ्यामुळे, आणि भुंगेरा येतो बांबूतल्या पिष्टासाठी (स्टार्चसाठी). कोवळ्या काठीत ते भरपूर असते. म्हणून तीन वर्षांपेक्षा जुनी काठीच तोडा, आणि तीही पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर ते फेब्रुवारीत. अमावास्या पाळायची तर पाळा, माझी हरकत नाही, पण कोवळी काठी अमावास्येलाही किडतेच. तोडलेल्या काठ्या दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवल्या की पिष्ट बरेच निघून जाते. नंतर सावलीत उभ्या करून वाळवा. बोरॅक्स-बोरिक ॲसिडचे द्रावण भुंगेऱ्यावर चांगले, पण ओल्या जमिनीत ते धुऊन जाते. तेव्हा गाडायच्या टोकाला, जमिनीच्या वर वीतभर येईल इतके, डांबर लावा. कुजणे सुरू होते ते बरोबर मातीच्या पातळीवर.

तुमच्याकडचा माणगा जवळजवळ भरीव असतो, मांडवाच्या टेकूला त्याच्यासारखा दुसरा नाही. वरचे टोक गाठीच्या लगेच वर कापा, म्हणजे पोकळीत पाणी साचणार नाही. खिळा ठोकू नका, बांबू उभा चिरतो. काथ्याने किंवा तारेने बांधा.

परवानगीचे म्हणाल तर 2017 साली भारतीय वन कायद्यात दुरुस्ती होऊन वनाबाहेरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला. स्वतःच्या मालकीच्या जमिनीतला बांबू तोडायला आणि न्यायला आता त्या कायद्याखालचा परवाना लागत नाही. वनजमिनीतल्या बेटाला ही सूट नाही.

प्रश्न : गच्चीवर गोकर्ण आणि काकडी लावली आहे. खांब पुरता येत नाहीत. काय करावे? (पुणे)

ताई, एका कुंडीत तीन काठ्या खोचून शेंडा बांधला की दिसते छान, पण वाऱ्यात कुंडीसकट आडवे होते. त्यापेक्षा चार मोठ्या कुंड्या चौकोनात, दोन-अडीच फुटांवर ठेवा. प्रत्येकीत सात फुटांची एक काठी तळापर्यंत खोचा आणि चारही शेंडे वर एकत्र बांधा. पाया रुंद झाला आणि मातीचे वजनच त्याला धरून ठेवते. गोकर्ण काठ्यांवर आपोआप पीळ घालत जाईल. काकडीच्या बाजूला मात्र काठ्यांभोवती वीत-वीत अंतरावर सुतळीचे आडवे वेढे द्या, कारण तणाव्याला धरायला काहीतरी बारीक हवे. सुतळी एका पावसाळ्यात कुजते आणि इथे तेच सोयीचे आहे. हंगाम संपला की वेल आणि सुतळी मिळून कापून थेट खतात टाकता येते. नायलॉनची जाळी लावलीत तर वाळलेला वेल तिच्यातून सोडवायला दुपार जाते, आणि मग लोक वैतागून जाळीसकट पेटवून देतात. ते करू नका. वेल बुडाशी कापून जाळीवरच आठवडाभर कडक वाळू द्या, नंतर जाळी आडवी पसरून झटका, बहुतेक चुरा गळून पडतो.