मान चोळून मणका जागेवर बसत नाही

डोकं आणि मान जिथे जुळते तिथला, पहिल्या-दुसऱ्या मणक्यामधला सांधा सैल झाल्याबद्दल याही महिन्यात पत्रं आली. घोळ तोच, म्हणून पुन्हा लिहितो.

मान दुखते. माझाही मणका सरकला असेल का? (जालना)
बहुधा नाही. पंधरा दिवसांत थांबलं नाही, तर दाखवा.

भाऊ ऊसतोडीला जातो. सहा महिन्यांपासून हातातून वस्तू निसटतात, मान वाकवली की पाठीत करंट उतरतो. चोळणारे म्हणतात, तीन वेळा ओढून मणका बसवतो. (वडवणी)
चोळणं आजच बंद करा. पहिला मणका कड्यासारखा असतो आणि दुसऱ्याचा खुंटा त्या कड्यात बसतो. खुंट्यामागेच मज्जारज्जू. खुंट्याला धरणारा पट्टा सैल झाला, की मान वाकवताना मज्जारज्जू चेपला जातो. तिथे झटका दिला तर हातपाय जाऊ शकतात, श्वाससुद्धा. हात किती चालतो ते बघायला मी रुग्णाला शर्टाची गुंडी लावायला सांगतो. एक जण एकाच गुंडीशी इतका वेळ झटला, की शेवटी बायकोनं हात पुढे केला. त्याच्या पायातली चप्पल वाटेतच निसटली होती, त्याला पत्ता नव्हता. "पट्टा पडल्यावर बघू", म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, म्हणत त्यानं अख्खा हंगाम डोक्यावर मोळ्या वाहिल्या होत्या. ऑपरेशननं पुढचं नुकसान थांबतं. गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असं नाही. भावाला मोळी उचलू देऊ नका, या आठवड्यातच न्यूरोसर्जनकडे न्या. हाडासाठी सीटी, मज्जारज्जूसाठी एमआरआय, दोन्ही लागतील. मान वाकवून काढायचा एक्स-रे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

आईला रूमेटॉइड संधिवात आहे. ऑपरेशन गुडघ्याचं, मग मानेचा एक्स-रे कशाला? (परभणी)
त्या संधिवातात हाच पट्टा झिजतो, आणि पूर्ण भूल देताना मान मागे वाकवावी लागू शकते. काढून घ्या.

स्क्रू टाकल्यावर मान फिरेल का? (लातूर)
कमी फिरेल. डावी-उजवीकडे फिरण्याची जवळपास निम्मी हालचाल याच सांध्यातली, स्क्रूनं दोन्ही मणके जोडल्यावर ती जाते. प्लेट आणि स्क्रूनं हा सांधा बसवण्याची पद्धत मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. अतुल गोयल यांनी १९८८ मध्ये सुरू केली. आज ती जगभर वापरतात. मेंदूला रक्त नेणारी धमनी स्क्रूच्या शेजारूनच जाते, म्हणून तुमच्या सर्जनला ती कुठून जाते ते सीटीवर दाखवायला सांगा.

'विना ऑपरेशन, लेझरने गॅरंटीने बरे' अशी पाटी पाहिली. (नांदेड)
सैल सांधा लेझरनं घट्ट होत नाही. पैसे भरू नका, रिपोर्ट न्यूरोसर्जनला दाखवा.

खर्च झेपत नाही. (हिंगोली)
म्हणून थांबू नका. रेशनकार्ड आणि आधार घेऊन महात्मा फुले जनआरोग्य योजनेतल्या रुग्णालयात जा. तिथल्या आरोग्यमित्राला विचारा.